भाताच्या गावठी वाणांची डीएनए मार्कर तपासणी: एकाच लॅबकडून दोनदा करून घेतली, त्याचा अनुभव

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. मागच्या आठवड्यात अजून एका गटाचा फोन आला की मॅडम आम्हाला पण आमच्या वाणांची डीएनए टेस्ट करायचीय, कुठे करू, किती लागतील, म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकते. मी तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवते आणि अकोले भागात गावठी भाताचं बियाणं जपणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर काम करते. लॅबचं नाव देत नाही, कारण पहिल्या वेळी जे चुकलं ते त्यांच्या एकट्याकडेच होतं असं अजिबात नाही, आणि दुसऱ्या वेळी त्याच लोकांनी मन लावून काम करून दिलं. खाजगी लॅब आहे, एसएसआर मार्करची सर्विस देते, कुरिअरने पानं पाठवायची आणि मेलवर रिपोर्ट घ्यायचा.

आधी निकाल सांगते. हातचं काम म्हणजे डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवणं), जेल (ते तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणं), ह्याला ५ पैकी साडेचार. सॅम्पल घेण्याआधी ग्राहकाला काय विचारायचं आणि काय सांगायचं, ह्याला पहिल्या वेळी २, दुसऱ्या वेळी ४. रिपोर्टला ३, त्यापेक्षा जास्त देववत नाही, का ते खाली येईलच.

आम्हाला ही भानगड करायची गरज का पडली ते सांगते. आमच्या भागात काळभात म्हणून जे पिकतं ते दहा घरात दहा प्रकारचं दिसतं. कुठे कुसळ लांब, कुठे कुसळच नाही, कुठे तूस काळंभोर तर कुठे जांभळट, एकाचं निमगरवं (मध्यम दिवसांचं) तर दुसऱ्याचं पार गरवं (उशिरा तयार होणारं). उलट जिरवेल म्हणून एका गावातून आणलेलं आणि शेजारच्या गावातून वेगळ्याच नावाने आणलेलं हुबेहूब सारखं. आता नुसतं डोळ्याने बघून ठरवायचं तर खाचरात पाणी किती, माती कसली, आवणी कधी झाली ह्या सगळ्याने उंची आणि दिवस बदलतात. आमच्याकडे बियाणं ठेवायला पत्र्याची एक कोठी आणि काही मडकी, सगळ्यांचं सगळं ठेवायला जागा नाही, दरवर्षी सगळं लावून बी ताजं करायला माणसं नाहीत. तर खरंच वेगळं किती आहे आणि एकच भात दोन नावांनी किती ठिकाणी जपतोय हे कळणं गरजेचं होतं. एकाच भाताची चार मडकी भरायची आणि पाचवं खरंच वेगळं असलेलं जागेअभावी सोडून द्यायचं, ह्याची मला फार भीती वाटायची.

मार्कर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. भाताचे १२ जोडी क्रोमोसोम, प्रत्येक जोडीतला एकेक धरला तर जवळपास ३९ कोटी डीएनएची अक्षरं, २००५ साली हे वाचन पूर्ण झालं त्यात भारतातल्या शास्त्रज्ञांचाही हात होता. ह्या अक्षरांत काही जागा अशा असतात जिथे दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जीएजीएजीए असा, आणि एका वाणात तो १२ वेळा असतो, दुसऱ्यात १७ वेळा. नेमकी ती जागा पीसीआरने लाखो पटीत वाढवायची आणि तुकड्याची लांबी मोजायची, झालं. हा एसएसआर मार्कर. भातासाठी हे आरएम नावाने ओळखले जातात, आरएम म्हणजे राइस मायक्रोसॅटेलाइट, आणि एकट्या २००२ सालच्या एका कामात असे २२४० नवे मार्कर तयार झाले, म्हणजे तुटवडा अजिबात नाही. एक जागा बघून काहीच कळत नाही, पण बारा क्रोमोसोमवर पसरलेल्या १५-२० जागा बघितल्या की कोण कोणाच्या जवळचं हे बऱ्यापैकी कळतं. आणि शेत बदललं, पाऊस कमी पडला म्हणून ही लांबी बदलत नाही.

लॅबच्या दरपत्रकात आरएपीडी नावाची जुनी मार्कर पद्धत पण होती, बरीच स्वस्त. ते घेऊ नका. १९९० साली ते आलं तेव्हा मोठीच सोय झाली होती, पिकाची काहीच माहिती नसताना १० अक्षरांचा कुठलाही प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो तो छोटा तुकडा) टाकून बँड (जेलवर दिसणारे पट्टे, एकेक पट्टा म्हणजे एका लांबीचे तुकडे) मिळायचे, आमच्या सिनियर लोकांचे कित्येक थिसिस त्यावर झालेत. पण आज केलेले बँड उद्या दुसऱ्या मशीनवर तसेच येतील ह्याची खात्री नाही, आणि एका झाडात त्या जागेचे दोन वेगळे प्रकार असले तरी ते त्यात कळत नाही. भातासारख्या पिकात जिथे तयार एसएसआर पडलेत तिथे थोड्या पैशांसाठी आरएपीडी करणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या डेटाशी जुळवता न येणारा डेटा विकत घेणं.

पहिली फेरी. २४ सॅम्पल, १२ मार्कर, ॲगारोज जेलवर. डीएनए काढायचे सॅम्पलला ३००, पुढे एका सॅम्पलला एका मार्करचे ९० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, सगळं मिळून ३९ हजारांच्या घरात गेलं. कॉलेजची छोटी ग्रँट होती आणि बाकी गटातल्या लोकांनी वर्गणी काढली, त्यामुळे हा पैसा माझ्यासाठी साधा नव्हता. लॅबने मेलवर एवढंच कळवलं की प्रत्येकी ५ ग्रॅम कोवळी पानं सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) पाठवा. आम्ही प्रत्येक वाणाच्या वाफ्यातून फिरून वीस-पंचवीस रोपांची टोकं कापली, एका पिशवीत भरली आणि पाठवून दिली.

रिपोर्ट आला तेव्हा जेलचे फोटो बघून पोटात गोळाच आला. भात स्वतःच्याच परागाने फळणारं पीक, परक्याचा पराग लागण्याचं प्रमाण सहसा एक टक्क्याच्याही आत, त्यामुळे एका रोपाला एका मार्करवर बहुतेक वेळा एकच बँड यायला हवा. आमच्या कितीतरी लेनमध्ये (जेलवरच्या एकेका सॅम्पलच्या रांगेत) दोन, काहीत तीन बँड. साहजिकच होतं, गावठी वाण म्हणजे एकाच रोपाच्या छापील प्रती नसतात, त्यात चार प्रकारची रोपं मिसळलेली असतात आणि आम्ही सगळ्यांची पानं एकत्र कुटायला दिली होती. लॅबने काय केलं, तर प्रत्येक लेनमधला सगळ्यात गडद बँड घेतला आणि बाकीचे सोडून दिले. म्हणजे जी विविधता बघायला आम्ही पैसे भरले तीच स्कोअर करताना गाळून टाकली. फोन केला तर म्हणाले मॅडम तुम्ही बल्क पाठवलंत. बरोबर आहे, पण वाण गावठी आहे हे फॉर्मवर लिहिलं होतं, तेव्हा एका ओळीने विचारायला हवं होतं की एका रोपाची पानं आहेत का एकत्र. ह्या एका प्रश्नाअभावी आमचे ३९ हजार अर्धे वाया गेले आणि मला वर्गणी देणाऱ्यांना तोंड दाखवायला जड गेलं.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. मी मुद्दाम इंद्रायणीची पानं दोन वेगळ्या कोडने पाठवली होती, लॅबला न सांगता. एकाच वाफ्यातली, सुधारित वाण, तर दोन्ही शंभर टक्के सारखे यायला पाहिजेत. रिपोर्टमध्ये त्यांचं साम्य आलं ०.८३. विचारलं, त्यांनी फाइली उघडून बघितल्या आणि दोन दिवसांनी मान्य केलं की एक्सेलमध्ये तीन मार्करच्या रकान्यात दोन ओळींची अदलाबदल झाली होती. दुरुस्त रिपोर्ट दिला, माफी मागितली, कुठलीही कुरकुर न करता. ते मला आवडलं. पण मी ती जोडी टाकली नसती तर कुणाला कधीच कळलं नसतं, म्हणून कुठल्याही लॅबला पाठवा, अगदी मोठ्या संस्थेच्या लॅबला सुद्धा, एक-दोन सॅम्पल गुपचूप दोनदा पाठवाच.

ह्यानंतर मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार नव्हते खरंतर. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं की लॅबला येऊन बसा, दुसरी फेरी एकत्र ठरवू. दोन विद्यार्थिनींना घेऊन गेले आणि तो दिवस फार चांगला गेला. सीटॅब नावाच्या रसायनाने डीएनए काढत होते, ही पद्धत १९८० च्या दशकातली, आजही वनस्पतींसाठी हिचाच आधार. पान लिक्विड नायट्रोजनमध्ये खलून हिरवी पूड, त्यावर ६५ अंशाला तापवलेलं द्रावण, मग क्लोरोफॉर्म, मग वरचा स्वच्छ थर अलगद काढून त्यात गार आयसोप्रोपॅनॉल. नळी हळूच उलटी-सुलटी केली आणि त्यात पांढरे धागे तरंगायला लागले, पिंजलेल्या कापसाच्या तंतूसारखे, जिरवेलचे. माझी एक विद्यार्थिनी त्याच गावची, तिच्या घरचंच बी होतं ते, ती नळी उजेडाकडे धरून बराच वेळ काही बोललीच नाही. नॅनोड्रॉपवर (डीएनए किती आणि किती शुद्ध ते मोजणाऱ्या मशीनवर) २६०/२८० चा आकडा १.८ च्या आसपास, जसा हवा तसा. बेंचवरच्या त्या मुलाचा हात खरंच स्वच्छ आहे, पिपेटची टिप बदलायचा कंटाळा नाही, प्रत्येक प्लेटमध्ये डीएनए न टाकलेली एक नळी ठेवतो म्हणजे भेसळ झाली तर लगेच दिसेल.

दुसऱ्या फेरीत मग असं ठरलं. आठ वेगवेगळी बियाणी: काळभात तीन घरांचा, जिरवेल दोन गावांचं, आणि रायभोग, खडक्या, तामकुड एकेक. प्रत्येकाची ५ रोपं, प्रत्येक रोपाची वेगळी पिशवी. खरंतर ५ पण कमीच, २० असती तर बरं, पण पैशाची मर्यादा. ही झाली ४०, आणि ८ तपासणीची: इंद्रायणी, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ प्रत्येकी दोन, वर आमची दोन गुपचूप रिपीट. मार्कर १६, आणि ह्या वेळी ॲगारोज नाही तर कॅपिलरी मशीन, म्हणजे प्रायमरला रंगीत चकाकणारी खूण लावून लांबी एका अक्षरापर्यंत मोजायची. दोन अक्षरांचा फरक साध्या ॲगारोजवर दिसत नाही, आणि भाताच्या एसएसआरमध्ये तर कितीदा तेवढाच फरक असतो. खर्च पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त झाला, पण हा पैसा सार्थकी लागला.

आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ का, तर इंद्रायणी ह्या दोघांच्या संकरातून वडगाव मावळच्या केंद्रात तयार झाला, १९८७ साली आला. म्हणजे प्रत्येक मार्करवर इंद्रायणीचा आकडा एकतर आंबेमोहरचा पाहिजे नाहीतर आयआर-८ चा, तिसरा कुठून येणार? लॅबचं काम तपासायला ह्याच्याइतकी सोपी पट्टी मला माहीत नाही आणि बियाणं मिळायलाही अवघड नाही. १६ पैकी १५ ठिकाणी बरोबर जुळलं. एका ठिकाणी आंबेमोहरपेक्षा २ ने जास्त दाखवत होतं. मी फोन केला, त्यांनी स्क्रीन शेअर करून मशीनच्या आलेखातली टोकं दाखवली. पीसीआरमधलं एन्झाइम कधीकधी तुकड्याच्या शेवटी एक जादा ए चिकटवतं, त्यामुळे एक अक्षर वाढलं होतं आणि सॉफ्टवेअरने ते पुढच्या जोडसंख्येत ढकललं होतं. रिॲक्शन पुन्हा लावली, जुळलं, त्या मार्करचे सगळे ४८ पुन्हा हाताने तपासून दिले, पैसे घेतले नाहीत. आमच्या गुपचूप जोड्या ह्या वेळी तंतोतंत सारख्या.

निकालाचं सांगते, फक्त आमच्या पिशव्यांपुरतं, अख्ख्या वाणाबद्दल नाही. रायभोगची पाचही रोपं १६ मार्करवर एकसारखी. जिरवेल दोन्ही गावांचं जवळचं, पण एका गावच्या पाच रोपांत तीन प्रकार निघाले. आणि काळभात, पहिल्या दोन घरांचा एकच, तिसऱ्या घरचा पार लांब, साम्यावरून काढलेल्या वंशवृक्षासारख्या आकृतीत दुसऱ्याच फांदीवर.

ते तिसरं घर एका आजींचं. पानं कापायला गेले होते तेव्हाच त्यांनी मूठभर साळ सुपात ओतली, एक दाणा नखाने सोलला, तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "ह्यो हितला काळभात न्हाई बाई, ही माझ्या माहेरची साळ. लगीन झाल्यावर पदराला बांधून आनली व्हती." माहेर डोंगराच्या पलीकडे. दाणा खरंच वेगळा होता, आखूड आणि पोटाला थोडा पांढुरका, पण नाव काळाच्या ओघात इथलंच पडलेलं. मी ते वहीत लिहिलं होतं, लॅबच्या फॉर्मवर मात्र त्याला रकानाच नव्हता, फक्त कोड, नाव, गाव. लॅबवाल्यांना नंतर सांगितलं तेव्हा त्यांनी फॉर्ममध्ये बियाणं कुठून आलं, किती वर्षांपासून घरात आहे, कोणी आणलं असे तीन रकाने घातले, आणि फॉर्मची नवीन प्रत मला बघायला पाठवली. विचारण्या-सांगण्याच्या दुसऱ्या वेळच्या ४ मधला थोडा भाग ह्याचाच आहे म्हणा.

आता रिपोर्टबद्दल, तिथे माझी तक्रार अजून आहे. ६० पानांचा पीडीएफ येतो, रंगीत, जाड, आणि त्यातलं निम्मं आपल्या कामाचं नाही. पीआयसीचा सरासरी आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात देतात जणू तोच निकाल. तो आकडा मार्कर किती उपयोगी आहे ते सांगतो, ०.५ च्या वर असला तर मार्कर चांगला माहिती देणारा, आपल्या वाणात विविधता किती ह्याचं ते थेट उत्तर नाही. वंशवृक्षासारखा डेंड्रोग्राम आहे पण फांद्या किती भक्कम आहेत त्याचे बूटस्ट्रॅपचे आकडेच नाहीत, मागितल्यावर दिले. आणि शेवटी ते रंगीत पट्ट्यांचं चित्र, स्ट्रक्चर नावाच्या सॉफ्टवेअरचं. २००० सालापासूनचं नावाजलेलं सॉफ्टवेअर आहे, त्यात वाद नाही, पण ते गृहीत धरतं की झाडं आपसात मोकळेपणाने फळतात, भात तर स्वतःशीच फळतो, त्यात ४८ सॅम्पल आणि त्यातली निम्मी सख्खी. ते चित्र बघून एका मित्रमंडळाने आमच्या वाणांचे तीन पूर्वज अशी पोस्ट टाकली होती, मला काढायला लावावी लागली. असं चित्र द्यायचं तर खाली दोन ओळी लिहाव्यात की ह्यावरून काय म्हणता येत नाही.

म्हणून ऑर्डर देतानाच मेलमध्ये लिहून घ्या की मशीनच्या मूळ फाइली आणि अक्षरांच्या लांबीचा तक्ता मिळाला पाहिजे, शून्य-एकचा नाही. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये फक्त बँड आहे-नाही असं शून्य-एक होतं, त्यात एसएसआरची निम्मी ताकद जाते. लांबीचा तक्ता असला की जेनॲलेक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक्सेलमध्येच चालतं, घरच्या लॅपटॉपवर दोन संध्याकाळी बसून मी सगळं पुन्हा काढलं.

सुगंधाची टेस्ट पण ते वेगळे पैसे घेऊन करतात. आठव्या क्रोमोसोमवरच्या एका जीनमध्ये ८ अक्षरं गळालेली असली की भाताला बासमतीसारखा वास येतो, हे २००५ मध्ये सापडलं, टेस्ट तेवढंच बघते. पण त्याच जीनमध्ये दुसऱ्या ठिकाणी बिघाड होऊनही सुवासिक झालेले भात आहेत, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरच्या आंबेमोहराला वास नाही असं कुणी समजू नका, शिजवून बघा. लॅबने हे आधी सांगितलं, आग्रह केला नाही, हे नमूद करते.

अजून एक, बरेच जण विचारतात की ह्या रिपोर्टवर वाणाची नोंदणी होते का, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळतो का. नाही. वाणाची नोंदणी वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याने होते आणि तिथे वेगळेपणा, सारखेपणा, स्थिरता शेतात लावून बघतात. आजरा घनसाळला जीआय आहे, वाडा कोलमला आहे, पण जीआय म्हणजे त्या भागाशी जोडलेल्या मालाचं नाव, तो वेगळाच विषय. डीएनएचा रिपोर्ट जोडकागद म्हणून चालेल, तेवढाच. आणि लॅबकडून उरलेला डीएनए परत मागा किंवा नष्ट केल्याचं लेखी घ्या, बियाणं लोकांच्या घरचं आहे. कॅपिलरीचं काम ते बाहेरून करून घेतात, मी विचारल्यावर भारतातच करतात असं मेलवर लिहून दिलं आणि उरलेला डीएनए बर्फात घालून परत पाठवला.

शेकड्याने सॅम्पल असतील तर मात्र एसएसआरच्या मागे लागू नका, एसएनपीचं (एकेका अक्षरातला फरक बघायचं) काम हल्ली बऱ्याच ठिकाणी होतं, एका झटक्यात हजारो जागा बघता येतात. आमच्यासारख्यांना, ज्यांना फक्त कोण कोणासारखं हे बघून मडकी भरायचीत, १६ ते २४ चांगले एसएसआर पुरतात.

तिसऱ्या फेरीची रोपं ट्रेमध्ये १२ दिवसांची झालीत. आजींची साळ आणि त्यांच्या माहेरच्या गावातून ह्या मे महिन्यात आणलेली तीन घरांची साळ शेजारी शेजारी लावलीय. पुढच्या सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत पानं कापणार, सिलिकाचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे, तीन दिवसांनी कुरिअर. प्लेट ९६ ची असते, आमचे ७० भरतात, उरलेल्या जागा कुणा गटाला हव्या असतील तर रविवारपर्यंत कळवा. एका पिशवीत एकाच रोपाची पानं आणि कोड पेन्सिलीने लिहायचा, मार्कर पेनची शाई पुसली जाते.